सोयीचा 15 ऑगस्ट

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाने यंदा भारताचा स्वातंत्र्यदिन 24 ऑगस्टला साजरा केला. कॅलेंडरात तो 15 ला असतो, हे कमिटीला ठाऊक होते. पण 15 ला शुक्रवार, म्हणजे ऑफिस. 16 ला हॉल एका बारशाने आधीच अडवलेला. 17 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर इंडिया डे परेड. चित्ररथावरच्या नटीबरोबर सेल्फी काढायला निम्मे सभासद तिकडे. 23 ला ढोल-ताशा पथकाची गणपतीसाठी तालीम. उरला 24. 1947 साली माउंटबॅटनसाहेबांनी तारीख ठरवताना आमच्या हॉलची चौकशीच केली नाही, त्याला कमिटी काय करणार?

सेक्रेटरींकडे या सरकवासरकवीला कायद्याचा आधार आहे. जोडून सुट्टी मिळावी म्हणून अमेरिकेनेच 1968 साली कायदा करून आपले काही राष्ट्रीय दिवस सोमवारवर नेले. जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले 22 फेब्रुवारीला. जयंतीची सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी. म्हणजे 22 ला ती कधी येऊच शकत नाही! "त्यांच्या राष्ट्रपित्याची ही गत, तिथं आपलं काय घेऊन बसलात?" सेक्रेटरी म्हणाले. मी म्हटले, "4 जुलैला मात्र त्यांनी हात लावला नाही." ते म्हणाले, "अहो, 4 जुलैला सुट्टीच असते." मी हात टेकले.

कार्यक्रम झोकात झाला. राष्ट्रगीताला 52 सेकंद लागले. विमा, गृहकर्ज आणि बंगले विकणाऱ्या प्रायोजकांच्या देशप्रेमाला 50 मिनिटे. मग शाळेच्या पुस्तकातली प्रतिज्ञा झाली. हात पुढे करून ती म्हणणाऱ्या निम्म्या मंडळींनी पूर्वी एका अमेरिकन अधिकाऱ्यासमोर उजवा हात वर करून, इतर कुठल्याही देशाशी आपली निष्ठा उरलेली नाही, अशी शपथ घेतलेली आहे. दोन्ही वेळा आवाज खणखणीत होता.

आपल्या कायद्याप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. मागे उरते ओसीआय कार्ड. त्यावर भारतात हवे तेव्हा जाता येते, मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. भारत कसा चालवावा हे सांगायला मात्र बंदी नाही. उरलेली सगळी भाषणे त्याच विषयावर झाली.

एका सभासदाचे वडील कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. अण्णा. प्रतिज्ञेच्या वेळी ते मागच्या खुर्चीवर बसून होते. मी विचारले, "अण्णा, उठला नाहीत?" ते म्हणाले, "माझं झालंय की."

झाले होते ते असे. लाल किल्ल्यावर पंतप्रधान सकाळी साडेसातला झेंडा फडकवतात. तेव्हा इथे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. हिशेब करून अण्णा 14 च्या रात्री पांढरा सदरा आणि टोपी घालून दिवाणखान्यात टीव्हीसमोर सावधान उभे राहिले. सून म्हणाली, "अण्णा, आवाज थोडा कमी करा, उद्या ऑफिस आहे." अण्णांनी आवाज बंद केला आणि राष्ट्रगीत मनात म्हटले. जिलबी नव्हती, फ्रीजमधला डोनट अर्धा खाल्ला.

हे मी सेक्रेटरींच्या कानावर घातले. ते गहिवरले. म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यांचा सत्कारच करू."

तर वाचकहो, पुढच्या वर्षीचा 15 ऑगस्ट 22 तारखेला आहे. सत्कारमूर्तींचा व्हिसा तोवर संपलेला असेल, पण शाल आणली आहे. 26 जानेवारीला बर्फ असतो, म्हणून प्रजासत्ताक दिन 1 मेच्या महाराष्ट्र दिनात मिळवला आहे, आणि 1 मे आईस्क्रीमसह जूनमध्ये होईल. जिलब्या मोजक्या आहेत. वेळेवर या.