संगणकांचं वधूवर सूचक मंडळ

२००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी संगणकांसाठी चक्क वधूवर सूचक मंडळ काढलं. नाव यूडीडीआय. कंपन्यांनी आपापल्या सेवा तिथे नोंदवायच्या, परक्या कंपनीच्या संगणकाने त्या स्वतःच हुडकायच्या, पसंत करायच्या, की व्यवहार सुरू. मध्ये माणसाची लुडबुड नको.

प्रत्येक सेवेची पत्रिका डब्ल्यूएसडीएल या सेवावर्णनाच्या भाषेत, अगदी काटेकोर. ‘रक्कम’ हा दशांश आकडा, ‘तारीख’ ही तारीख. रक्कम डॉलरमध्ये की युरोत, कर धरून की सोडून, तारीख बिलाची की माल निघाल्याची, एवढं मात्र त्यात नव्हतं. ते ठरवायला दोन्हीकडचे इंजिनिअर शेवटी फोनवरच बसणार!

मग अर्थ भरायला पंडित मंडळी सरसावली. ओडब्ल्यूएल-एस झालं, डब्ल्यूएसएमओ झालं. सगळ्यांना एका भाषेत बोलतं करायचं म्हणून निघालेले हे पंथ, पण त्यांचंच आपसात पटेना. २००७ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने एसएडब्ल्यूएसडीएलवर, म्हणजे डब्ल्यूएसडीएलला अर्थाच्या खुणा जोडायच्या पद्धतीवर, शिक्कामोर्तब केलं, तेव्हा यूडीडीआयची सार्वजनिक नोंदवही बंद होऊन दीड वर्ष उलटलं होतं. ती बंद करताना चालकांनी कारणही दिलं होतं: प्रकल्पाची उद्दिष्टं साध्य झाली.