फीत हिरवी, रकाना कोरा

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, हिंजवडीपासून बीकेसीपर्यंतच्या कचेऱ्यांत हिरव्या फिती लागतात. ‘मोकळेपणाने बोला’ असं एचआर कळकळीने सांगतं. दुसऱ्या दिवशी तेच एचआर नव्या उमेदवारापुढे वैद्यकीय फॉर्म सरकवतं: पूर्वी मानसिक आजार होता का? असल्यास तपशील द्या.

मोकळेपणा परवडतो तो नोकरीत मुरलेल्याला. किंवा दीपिका पदुकोणला. तिने २०१५ मध्ये नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं, धीराचंच काम होतं ते. पण ते तिला रुजू होण्याच्या अर्जात लिहायचं नव्हतं.

कायदा तसा सज्जन आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून माणूस आज आजारी ठरत नाही. उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्कही तो देतो. ब्रिटनने त्याआधीच, २०१०च्या समानता कायद्यात, नोकरी देऊ करण्यापूर्वी प्रकृतीची चौकशी करायला, मोजके अपवाद सोडून, मज्जाव केला. आपल्याकडे असा सरसकट अडसर नाही. त्यामुळे मित्रमंडळी उमेदवाराला एकमुखाने सांगतात, ‘नाही’वर टिक कर आणि मोकळा हो. (पुढे खोटी माहिती दिल्याचा ठपका आला, तर मंडळी फोन उचलतीलच.)

आणि खरं बाहेर आल्यावर दाद मागायची तर? मनोविकाराचं निदान झालेल्या सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याची खात्याने २०१०मध्ये शिस्तभंगाची चौकशी सुरू केली. ती भेदभाव करणारी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, डिसेंबर २०२१मध्ये.

प्रोबेशन बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं असतं.