निरंक

सांगलीच्या बाजारपेठेत पूर पाहिलेली माणसं पुष्कळ, पण विम्याचा क्लेम पचवलेला माणूस गल्लीत एखादाच. जुलैच्या अखेरीस कट्ट्यावर कुणी "आयर्विनला किती?" म्हणून विचारलं की बाकीचे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची किती ते सांगतात. हा म्हणतो, "चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका आणि त्याच्या वर सर्व्हेअर."

दुकान कापडाचं. गल्ल्यामागच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, लाल ऑइलपेंटची रेघ आणि शेजारी 'महापूर २०१९'. तिच्याखाली २०२१ ची रेघ, तिच्याखाली २००५ ची. नवं गिऱ्हाईक आलं की साडीच्या आधी त्याला रेघा दाखवल्या जातात. कोयनेतून किती सोडलं, हरिपुराजवळ वारणेनं पाणी कसं तुंबवलं, हे झालं की स्वारी अलमट्टीवर. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, हे पॉइंटनंतरच्या आकड्यांसकट तोंडपाठ. स्वतःची विमा रक्कम मात्र एजंटला फोन लावून विचारावी लागते.

तशी त्याचीही चूक नाही म्हणा. दुकानातल्या मालाचे त्याच्याकडे चार आकडे असतात, त्यामुळे कुठला कुणाला सांगितला हे लक्षात राहत नाही. कॅश क्रेडिट वाढवून घेताना बँकेला दिलेला आकडा भरघोस. जीएसटीच्या कागदावरचा बेताचा. हप्ता कमी बसावा म्हणून विमा कंपनीला दिलेला त्याहून रोडका. आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला सांगितलेला असा, की बँकेनंही लाजावं. २०१९ च्या सर्व्हेअरनं हे चारही कागद एकाच टेबलावर मांडले. माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा. याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात, म्हणजे नुकसान जे भरेल त्याच्या निम्मंच हातात. शिवाय भिजलेल्या मालालाही काही भाव येतोच, म्हणून तेवढी सॅल्व्हेज वजा. सर्व्हेअरनं चिखलानं माखलेल्या गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून एक इरकल ओढली, घडी मोडली, तर आतला पदर कोरडा ठणठणीत! "त्या पदरानं माझा घात केला," हे वाक्य आम्ही त्याच्याकडून लग्नाच्या पंगतीत ऐकलं, बँकेच्या रांगेत ऐकलं आणि एकदा तर अमरधाममध्ये, लाकडं रचली जात असताना ऐकलं.

आपला क्लेम अख्ख्या गावाला ऐकवणारा हा माणूस एका जागी मात्र तोंड मिटून घेतो. ती जागा म्हणजे प्रपोजल फॉर्मवरचा तो रकाना, 'गेल्या तीन वर्षांतील दाव्यांचा तपशील'.

२०२१ चा दुसरा क्लेम मिळाल्यावर त्यानं कंपनी बदलायचं ठरवलं. जुनी कंपनी ओळखते, नवी कशाला ओळखेल, हा हिशेब. शिवाय त्याच वर्षीच्या एप्रिलपासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आलेली, तीत पूर आधीच धरलेला. पूर आत आहे म्हणजे तीनदा बुडालेलं दुकानही मुकाट्यानं आत घेतील, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

एजंट पोरगा पेन उघडून म्हणाला, "काका, इथं काय लिहू?"

"लिही निरंक."

"अवो काका, दोन क्लेम झालेत की!"

"अरे, ते झालेत. आता कुठं चालू आहेत? डॉक्टरनं शुगर विचारली तर कुणी पेढे मोजून सांगतं का?"

पोरानं लिहिलं. आठवड्यानं कंपनीचा माणूस दुकान बघायला आला. आता असा पाहुणा आल्यावर आमचा गृहस्थ गप्प बसतो होय! त्यानं चहा मागवला आणि स्टुलावर चढून हातातल्या गजानं तिन्ही रेघा समजावून दिल्या. कुठल्या साली किती गठ्ठे गेले, कंपनीनं किती दिले, किती कापले, तो कोरडा पदर, सगळं यथासांग. पाहुण्यानं रेघांचे फोटो काढले, फॉर्म उलटला, 'निरंक' या शब्दावर बोट ठेवलं आणि चहा अर्धा टाकून उठला. प्रपोजल परत आलं.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? हप्ता चढला असता. एक्सेस, म्हणजे नुकसानीतली आपण सोसायची रक्कम, वाढली असती. खालच्या फळ्यांवर माल ठेवू नका, अशी अट आली असती. फार तर एखाद्या कंपनीनं नाही म्हटलं असतं. दडवलेलं आधीच उघडं पडलं हे त्याचं नशीब. पाणी येऊन गेल्यावर पडलं असतं तर कंपनीनं क्लेमच नाकारला असता आणि भांडायला तोंड उरलं नसतं.

पुढं तिसऱ्या कंपनीकडं खरं लिहिलं, तेही सगळं नाही. मधल्या काळात वरच्या मजल्यावरची टाकी फुटून चार खोकी भिजली होती आणि त्या किरकोळ रकमेचाही यानं हौसेनं क्लेम केला होता. तो 'पाणी' याच सदरात नोंदलेला सापडला. कंपनीचे साहेब समजूतदार निघाले. "टाकीचं सोडा, दुरुस्तीची पावती दाखवा," म्हणाले. पावती निघाली. पण कृष्णा दुरुस्त केल्याची पावती कुठून आणणार? एक्सेस वाढवूनच पॉलिसी हातात आली. 'आपण कंपनीला वाकवली' असं तो हल्ली सांगत असतो.

त्याच्याकडं साडी जरूर घ्या, माल चांगला आहे आणि भावही वाजवी. विम्याचा फॉर्म भरताना मात्र त्याला शेजारी बसवून घेऊ नका.