पन्नास तासांचा विकास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाचा वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकास व्हायला हवा. विकास झाला की नाही हे विकसित माणसाला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. त्यासाठी लिंक येते.

पूर्वी प्रशिक्षण म्हटलं की गुरुजी तालुक्याला जात, जेवण कसं होतं ते चार दिवस सांगत. 2019 मध्ये ‘निष्ठा’ नावाचं प्रशिक्षण आलं, पुढे ते ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर गेलं आणि निष्ठेचं प्रमाणपत्र डाउनलोड होऊ लागलं. (व्हिडिओ आपोआप चालू ठेवून भाजी निवडता येते, हा शोध नेमका कोणाचा, यावर मात्र शिक्षकांत एकमत नाही.) आता म्हणे शिक्षकांनी आपल्याच शाळेत एकमेकांकडून शिकावं. जपानमध्ये ही रीत जुनीच आहे. एकजण पाठ घेतो, बाकीचे मुलं कुठे अडतात ते टिपतात आणि नंतर सगळे मिळून त्यावर बोलतात.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, एक गुरुजी, एक बाई. गुरुजींचा पाठ बाईंनी पाहायचा म्हटलं, तर पहिली-दुसरी कोणी पाहायची? शिवाय गुरुजी मतदारयादी घेऊन वाडीवर गेलेले नसावेत. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक तेवढी सोडून. म्हणजे संकटं सोडून.

तरीही परवा शाळेत विकास घडला, तोही मधल्या सुट्टीत. तिसरीतल्या एका मुलाने 402 मधून 157 वजा करून 355 उत्तर काढलं होतं. ‘हातचा घ्यायला विसरला,’ गुरुजी म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘विसरला नाही हो. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन.’ मग काड्या काढल्या. शंभराचा गठ्ठा सोडून दहा जुड्या केल्या, त्यातली एक जुडी सुटी केली. तीन गठ्ठे, नऊ जुड्या, बारा काड्या. मुलाने 245 काढले. ‘शून्यावरून उडी कशी मारायची, हे मी पाठच करून घेत होतो,’ गुरुजी म्हणाले. दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी केंद्राच्या ग्रुपवर संदेश आला: शाळांतर्गत सहाध्ययनाचा अहवाल आजच भरावा. किमान कालावधी एक तास. फोटो जिओ-टॅग, त्यात फलक दिसावा, शिक्षकांच्या हातात वही असावी, विद्यार्थ्याची अडचण स्पष्ट दिसावी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला फलक लिहिला, काड्या पुन्हा पसरल्या, त्या मुलाला पुढे बसवलं. त्याने झटकन 245 लिहिले.

‘355 लिही,’ गुरुजी म्हणाले.

‘पण गुरुजी, ते चूक आहे.’

‘माहितेय रे. फोटो निघेपर्यंत.’