चाकं लावायची की वायफाय?

मूल चौथी-पाचवीला आलं की पूर्वी घरात स्कॉलरशिपच्या क्लासचा विषय निघायचा. आता सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं जातं, ‘रोबोटिक्सला घालायचं की आयओटीला?’ मुलाला कोणी विचारत नाही. वयानं लहान आहे ना तो.

पालकांच्या सोयीसाठी फरक सांगतो. रोबोटिक्समध्ये वस्तू हलते, आयओटीत, म्हणजे ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’मध्ये, वस्तू जागच्या जागी बसून इंटरनेटवरून चहाड्या करते. काळ्या पट्टीवरून धावणाऱ्या गाडीचा व्हिडिओ मामाला पाठवता येतो. उलट कुंडीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचा व्हिडिओ काढून दाखवायचं काय? माती? पण तुळस सुकली हे आजीच्या बोटाआधी परदेशातल्या सर्व्हरला कळतं, ही प्रगती नाकारून चालणार नाही. पाणी कोणी घालायचं, हे सिलॅबसमध्ये नाही.

किटची पेटी उघडली तर दोन्हीकडे जवळपास तोच बोर्ड निघतो, आर्डुइनो. हा 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मला, तो इंजिनिअर नसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काहीतरी करून बघता यावं म्हणून. आपल्याकडे तो कोड भरूनच येतो. मुलानं स्विच दाबायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचं. स्क्रू फिरवला तर वॉरंटी जाते.

माझं मत विचाराल (विचारलेलं नाही, तरी सांगतो), तर आधी रोबोटिक्स. त्यातली चूक डोळ्यांना दिसते. मोटरच्या वायरी उलट लागल्या की चाक उलटं फिरतं. पोर हसतं आणि वायरी बदलतं. अल्ट्रासॉनिक सेन्सरची गाडी भिंत बघून वळते, पण पडद्यात खुशाल घुसते. कापड आवाज पिऊन टाकतं, परत पाठवत नाही. हे कळायला पडदा पुरतो, पुस्तक लागत नाही. आयओटीत दिवा लागला नाही, तर दोष सेन्सरचा, वायफायचा, सर्व्हरचा की पासवर्डचा? मुलाला कळत नाही, सरांना कळत नाही, आणि बाबा राउटर बंद करून चालू करतात.

पासवर्डवरून आठवलं. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. आयओटीचा पहिला धडा तोच असायला हवा. क्लासमध्ये वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो, तेवढी सुरुवात झालेली आहे.

ज्यांना हा वाद फारच मोठा वाटतो, त्यांच्यासाठी एक टोस्टर. 1990 साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला होता. पाव मात्र हातानंच घालावा लागे. पुढच्या वर्षी पाव घालायला छोटी यांत्रिक क्रेन जोडली. एका स्लाइससाठी दोन्ही कोर्स झाले!

परवा एका क्लासच्या डेमोला हे सगळं सांगायची माझी तयारी होती. पण सेन्सर, सर्व्हो, क्लाउड असं सगळं ऐकून झाल्यावर मागच्या रांगेतून एका बाबांनी विचारलं, ‘याचे मार्क जेईईत धरतात का?’ नाही म्हटल्यावर निम्मा हॉल उठला. काउंटरवरच्या मॅडमनी रोबोटिक्सची पत्रकं शांतपणे खाली ठेवली आणि जेईई फाउंडेशनची वर काढली. गठ्ठा तयारच होता.