जमतंय की!

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालवला. एकच माग, म्हणजे एका वेळी एकच कापड. आमच्या आप्पांचं त्या सुखाशी हाडवैर. त्यांच्या चोवीस मागांवर अकरा प्रकारची कापडं चालतात आणि बारावं ठरत असतं.

व्यापारी गादीवर टेकतो, खिशातून बोटभर तुकडा काढतो. "आप्पा, ही पट्टी जरा बारीक जमेल का?" आप्पा तुकडा उजेडात धरतात, नखानं एक तार सोडवतात, ती ओढून बघतात आणि डोळे मिटतात. तेवढ्यात माग जुळवून देणारा जॉबर मागच्या दारानं सटकतो. "जमतंय की!" हा निकाल त्याला ऐकवत नाही.

किती मीटर, हे आप्पा चहा झाल्यावर विचारतात. दोनशे.

आता दोनशे मीटरसाठी वेगळं सूत. ताण्याला खळ लावून तो बीमवर गुंडाळणारा सायझिंगवाला एका बीमसाठी मशीन लावत नाही, त्यामुळे बीम येतात सेटभर. एक मागावर चढतो, बाकीचे भिंतीकडेला पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत पडतात. तेच कापड पुढं चालवायचं असतं, तर जुन्या ताण्याला नवा ताणा गाठी मारून जोडला असता. कापड बदललं की हजारो तारा एकेक करून वही-फणीतून ओवायच्या. तोवर माग उभा. कामगाराची मजुरी पिकावर, म्हणजे बाण्याची तार पडेल तेवढीच; त्यामुळे तोही उभा, तोंड फुगवून. बीम संपताना मागं मीटरभर ताणा राहतोच, तो विणता येत नाही. हजार मीटरच्या बीमला हे नुकसान कुणी मोजत नाही. दोनशेला ते पाचपट जाणवतं. शिवाय पट्टी जुळेपर्यंत विणलेलं कापड वायाच.

आप्पांच्या वहीत यातलं काही दिसत नाही. दिसते ती चिंधी, आणि तीही जमेच्या बाजूला! चिंधीवाला पोती तोलून पैसे देऊन गेला की संध्याकाळी घरी जिलेबी येते. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, हे सूत आपणच विकत आणलं होतं ना?" आप्पांनी त्यांच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली.

शेजारचा मालक हिशेबी. त्यानं सगळीकडं एकच ताणा ठेवलाय. फरक करायचा तो बाण्यात. कांडीवरचं सूत बदललं की नमुना बदलला. रंगाची हौस प्रोसेसवाल्यानं भागवावी. चार नमुने दाखवतो, पण बीम एकाच जातीचे. आप्पा त्याला 'कोरडा माणूस' म्हणतात. खरं सांगू? त्याच्या गादीवर मलाही कंटाळा येतो.

आणि आप्पा अगदीच खुळे नाहीत. गेल्या मंदीत शेजाऱ्याचं ते एकच कापड पडलं, तेव्हा त्याची सगळी शेड गप्प झाली. आप्पांचे पाच-सहा माग खडखडत होते. तेवढ्या आधारावर त्यांनी लगेच दोन नवे नमुने घेतले.

तेव्हा तुम्हाला पन्नास मीटर चौकडी कुणी विणून देत नसेल, तर आमच्या गल्लीत या. आप्पा नाही म्हणणार नाहीत. फक्त जॉबरच्या समोर विचारू नका.