किती लांबचं दिसतं?

गळ्यात दुर्बीण अडकवून उभ्या असलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: "किती लांबचं दिसतं हो यातून?" विचारणारा धनगर असो, एसटीचा कंडक्टर असो, नाहीतर सकाळी फिरायला निघालेले निवृत्त कार्यकारी अभियंता. उत्तर अंतरात हवं असतं. 'दोन किलोमीटर' म्हटलं की समाधान होतं, 'पाच' म्हटलं की आदर वाढतो. खरं सांगायला जावं तर लोक काळजीने बघू लागतात. कारण गावाबाहेरच्या काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना देवयानी दीर्घिका दिसते आणि ती पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे. लांबचं आपल्याला फुकटात दिसतंच. अडतं ते पन्नास पावलांवरच्या बाभळीपाशी. तिथे बसलेल्या वटवट्याची भुवई पिवळसर की पांढरी, एवढ्यासाठी माणूस दहा हजार रुपये खर्चायला निघतो.

दहा हजार हा आकडा पुणेरी पक्षीनिरीक्षकाच्या घरात दोन-तीन वर्षं चर्चेत असतो. "एवढ्या पैशात फ्रिज येतो" हा ठराव घरात एकमताने मंजूर झालेला असतो. म्हणून मग स्वस्तातली, पण 'पॉवरफुल' दुर्बीण शोधायची. इथे एक गंमत होते. स्वस्त आणि पॉवरफुल दुर्बीण शोधू लागलं की दुकानदार हटकून 'शिकारीसाठी उत्तम' असं लिहिलेला खोका पुढे करतो. खोक्यावर शिंगांचा डोलारा मिरवणारं एखादं परदेशी हरीण. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ज्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे महाराज शिकारीला जात, तिथे आता राधानगरीचं अभयारण्य आहे. तरी खोका शिकाऱ्याचाच. वरण-भातावर वाढलेल्या, डासालाही आधी हाताने हुसकावून बघणाऱ्या गृहस्थाने तो खोका बगलेत मारून कर्वे रस्त्याने घरी यायचं.

मला मात्र वाटतं, दुर्बिणीच्या बाबतीत सल्ला घ्यावा तर शिकाऱ्याचाच. कवीचा तर अजिबात घेऊ नये.

अमेरिकेतला हरणांचा शिकारी बघा. तिथल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून गोळी झाडायला परवानगी असते आणि हरीणही नेमकं त्याच अंधुक वेळी बाहेर पडतं. म्हणजे त्या माणसाचा सगळा व्यवहार उजेडाच्या चिल्लरीवर चाललेला. त्याला किलोमीटरचं कौतुक नाही. झुडपाआडचा करडा आकार नराचा की मादीचा, शिंगांना टोकं किती आणि त्यामागे आणखी कोणी उभं नाही ना, एवढं त्याला नक्की कळायला हवं. चूक झाली तर परवाना जातो, प्रसंगी कोणाचा जीव जातो. आपली चूक झाली तर फार तर वहीत शिक्र्याऐवजी पावशा लिहिला जातो. म्हणून तो विचार करून घेतो. पूर्वेकडच्या दाट जंगलातला शिकारी आठपटीची पसंत करतो. पश्चिमेच्या उघड्या डोंगरांतला दहापटीची घेतो आणि त्याहून मोठी लागली तर तिपाईवर लावतो. हाच हिशेब सह्याद्रीला आणि सुप्याच्या माळाला जसाच्या तसा लागू पडतो. भीमाशंकरच्या झाडीत आठ, मयूरेश्वरच्या चिंकाऱ्यांसाठी दहा. भिगवणला होडीत बसून रोहित बघायचे असतील तर पुन्हा आठ, कारण तिथे होडी हलते, नावाडी बोलतो आणि आपण घाबरलेले असतो.

आता ते दोन आकडे. दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळे पहिल्या आकड्याकडे बघतात. शहाण्याने दुसऱ्याला पहिल्याने भागावं. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. इतक्या मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत मागच्या भिंगातून आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरवर येते, अंधारात तरुणपणी सातपर्यंत उघडते. पुढे वयाबरोबर ती आखडत जाते आणि साठीच्या आसपास बऱ्याच जणांची पाचापलीकडे जात नाही. आरमारात ७×५० दुर्बीण चालते ती याच हिशेबाने: झोत सात मिलिमीटरचा, बघणारा खलाशी वीस वर्षांचा. तीच दुर्बीण पेन्शनीच्या पहिल्या हप्त्यातून घेतली तर कडेचा उजेड बुबुळावर आपटून वाया जातो. पैसे साताचे, भोग पाचाचा, आणि वजन मात्र पुरतं मानेवर.

आणि २०×५०? अडीच मिलिमीटर. दुपारी बाराला ठीक. पण दुपारी बाराला पक्षी झोपतात आणि पक्षीनिरीक्षक जेवतात. पहाटे साडेसहाला, जेव्हा रान खरोखर जागं असतं, तेव्हा या दुर्बिणीतून रान कळकट दिसतं. शिवाय वीसपट म्हणजे हाताचा कंपही वीसपट. दहाच्या वर गेलं की हात स्थिर ठेवणं हे योगासन होतं. पक्षी फांदीवर स्वस्थ बसलेला असतो आणि आपल्याला दिसतं ते आपलंच काळीज, ठोक्याठोक्याला हलणारं. त्यात दृश्याचा पट्टाही अरुंद. आठपटीतून हजार मीटरवरचा साधारण सव्वाशे-दीडशे मीटर रुंद पट्टा एका नजरेत मावतो, वीसपटीतून त्याच्या निम्म्याहून कमी. मित्र ओरडतो, "उजवीकडच्या फांदीवर!" आपण उजवीकडची फांदी शोधेस्तोवर तांबट पुढच्या गावात.

रस्त्यावरच्या दुर्बिणी हा स्वतंत्र आनंद आहे. थंड हवेच्या ठिकाणी पॉइंटवर, जत्रेत, जुन्या बाजारात त्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्यावर ३०×६०, क्वचित ६०×९० असे आकडे कोरलेले असतात. अशा ठिकाणी खिशातून शांतपणे फूटपट्टी काढावी. साठ मिलिमीटरचं म्हणवणारं भिंग पट्टीवर वीस-बावीसच भरतं. तिशीच्या त्या दुर्बिणीची खरी ताकदही बहुधा आठ-दहापटीचीच असते. विक्रेता मुळीच ओशाळत नाही. तो म्हणतो, "साहेब, नाइट व्हिजन पण आहे." पुढची भिंगं माणकासारखी लाल चमकत असतात. ती लाली दिसायला राजेशाही, पण तो थर लाल उजेड परत पाठवतो, त्यामुळे आतलं जग हिरवट-निळसर दिसतं. लालबुड्या बुलबुलाचं बूडच जायचं. चांगल्या भिंगावरचा थर मंद हिरवा-जांभळा दिसतो आणि भिंगात आपला चेहरा जवळजवळ उमटत नाही. भिंगात स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसत असेल तर ती दुर्बीण आरशाच्या भावात मागावी.

गिऱ्हाइकाची फर्माईश ही काही आजची गोष्ट नाही. १६०८ साली हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने नेदरलँड्सच्या राज्यकर्त्यांकडे दुर्बिणीचं पेटंट मागितलं, तेव्हा त्यांनी आधी हेच सांगितलं, की दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दाखव. त्याने करून दिली, त्याला पैसेही मिळाले. पेटंट मिळालं नाही. पुढे अडीचशे वर्षांनी, १८५४ मध्ये, इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसाने प्रिझमची जोडी बसवून नळी आखूड केली आणि चित्र सुलटं केलं. जुन्या सिनेमातल्या कर्नलच्या हातात असते ती खांदे उडवलेली दुर्बीण, ती या पोरोची. हल्लीच्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणी सुटसुटीत खऱ्या, पण त्यांच्यातल्या प्रिझमवर आरशाचा थर लागतो, प्रकाशलहरींची चुकलेली लय जुळवणारा आणखी एक थर लागतो आणि घडणावळ काटेकोर लागते. स्वस्तात विकायची म्हटली की यातलंच काहीतरी गाळलं जातं. म्हणून खिसा हलका असेल तर खांदेवाली घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती जुनाट दिसते, पिशवीत मावत नाही, पावसात बहुधा चालत नाही. पण आपले पाहुणे पक्षी येतात हिवाळ्यात. पावसाळ्यात आपण भजी खातो. कोकणात राहणाऱ्यांनी मात्र नायट्रोजन भरलेली बंदिस्त दुर्बीण घ्यावी आणि ती चामड्याच्या पेटीत ठेवू नये, कारण श्रावणात आधी त्या चामड्याला बुरशी येते आणि मग भिंगाला. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. डबा स्वयंपाकघरातून पळवावा लागतो, त्याची तयारी ठेवावी.

दुकानात दुर्बीण काचेआडून बघू नये, बाहेर यावं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी असतेच. टाकीवरची अक्षरं कडेपर्यंत स्पष्ट हवीत, टाकीच्या आणि आभाळाच्या सीमेवर जांभळी किनार कमीत कमी हवी. मग दहा मिनिटं बघतच राहावं. दोन नळ्या एका रेषेत नसतील तर मेंदू बिचारा दोन चित्रं ओढूनताणून जुळवतो, आणि त्याचं बिल डोकेदुखीच्या रूपाने संध्याकाळी येतं. चष्मेवाल्यांनी डोळ्याला किती अंतर मिळतं ते विचारावं. पंधरा मिलिमीटर तरी हवं. नाहीतर चष्मा काढ, दुर्बीण लाव, पक्षी गेला, चष्मा शोध, हाच दिनक्रम होतो. उजव्या नेत्रिकेवर एक कडं असतं, ते दोन डोळ्यांतला फरक मिटवण्यासाठी. नवरा-बायकोत एक दुर्बीण असेल तर ते कडं दर पाच मिनिटांनी फिरतं आणि प्रत्येकाला खात्री असते की दुसऱ्याने ती बिघडवली.

आता शिकाऱ्यांबद्दल एक शेवटचं. पक्षीनिरीक्षकाने त्यांच्याकडे बघून नाक मुरडावं, असा आपला अधिकार नाही. सलीम अलींची सुरुवातच छऱ्याच्या बंदुकीने झाली. लहानपणी त्यांनी गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी पाडली, ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे गेले, आणि तिथल्या कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी बघून मुलगा कायमचा हातचा गेला. त्या काळी पक्षी नक्की ओळखायचा तर तो हातात घ्यावा लागे. पुढे दुर्बिणी सुधारल्या आणि त्याला फांदीवरच राहू देणं परवडू लागलं.

आमच्या गटातल्या एकांना त्यांच्या अमेरिकेतल्या पुतण्याने शिकारीच्या दुकानातून दुर्बीण आणून दिली. ८×४२, उजेड लख्ख, किंमत रास्त. फक्त अंगावर पानापाचोळ्याचं नक्षीकाम. तिथला शिकारी स्वतः भडक केशरी जाकीट घालतो, कारण हरणाला तो रंग धड दिसत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो. दुर्बीण मात्र पाचोळ्याच्या रंगाची. सासवडच्या माळावर काकांनी चहासाठी ती गवतात ठेवली. मग आम्ही सगळे आपापल्या दुर्बिणी लावून तिला शोधत होतो. सापडली ती एका मेंढपाळाला, नुसत्या डोळ्यांनी. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि काकांना पहिल्यांदा किंमत विचारली. काकांनी निम्मी सांगितली. हल्ली ते तिला केशरी नाडी बांधतात.